वारसाहक्काचे कोष्टक आणि लोहाऱ्याची जमीन

मुस्लिम वारसा-कायद्याच्या अध्यापनाला आपल्याकडे आरंभ होतो तो अपूर्णांकांनी. अपत्य असता विधवेचा अष्टमांश, नसता चतुर्थांश. एकट्या कन्येला अर्धा, दोन वा अधिक कन्यांना मिळून दोन-तृतीयांश. पुत्र असेल तर कन्येला पुत्राच्या निम्मे. मातेला प्रसंगपरत्वे षष्ठांश किंवा तृतीयांश. कुराणाच्या चौथ्या सूरेतील ११, १२ आणि १७६ या आयतींवर उभारलेले हे गणित इतके रेखीव आहे की विद्यार्थ्याला ते आवडते आणि परीक्षकाला त्याहून अधिक. दिनशा मुल्ला यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९०५ साली प्रथम निघाला. त्यातील हिस्सेदारांचे आणि अवशेषभागींचे कोष्टक तोंडपाठ असणे म्हणजेच या विषयात गती असणे, अशी एक समजूत तेव्हापासून रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखकाचा आक्षेप कोष्टकाच्या अचूकपणाविषयी नाही. कोष्टक बरोबर आहे. परंतु ते उशिरा सुरू होते. मृताची म्हणून जी मिळकत वाटावयाची ती कोणती, वारस म्हणविणारी व्यक्ती कायद्याने वारस आहे काय, आणि ज्याच्यापासून ती वारसा सांगते त्याच्या मृत्युसमयी ती हयात होती काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून अष्टमांश कशाचा काढावयाचा हेच ठरत नाही. पूर्वीच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातील लोहारा व त्याच्या आसपासचा मुलूख हे या आक्षेपाचे चांगले उदाहरण आहे. कारण हे तिन्ही प्रश्न त्या मुलखाच्या इतिहासात प्रत्यक्ष उभे राहिले, आणि तिसरा तर अतिशय दारुण स्वरूपात उभा राहिला.

पाठ्यग्रंथांची ही परंपरा बनली कशी ते प्रथम पाहिले पाहिजे. चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली 'हिदाया'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. परंतु मूळ हिदायातच वारसाविभागणीचे प्रकरण नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सर विल्यम जोन्सने सिराजुद्दीन सजावंदी या हनफी पंडिताचा 'सिराजिय्या' हा छोटेखानी ग्रंथ निवडला व १७९२ साली त्याचे भाषांतर कलकत्त्यास छापविले. पुढे मॅकनॉटनपासून (१८२५) मुल्लांपर्यंत जे जे संक्षेपग्रंथ झाले त्यांच्या वारसा-प्रकरणांच्या मुळाशी सिराजिय्याच आहे. मात्र न्यायालयाला हाताशी उत्तर हवे असते, म्हणून या ग्रंथकारांनी सिराजिय्याचा मधला भाग, म्हणजे हिश्श्यांचा व त्यांच्या गणिताचा भाग, पुढे आणला. आरंभ आणि शेवट मागे पडले.

वस्तुतः सिराजिय्याची रचना फार अर्थपूर्ण आहे. ग्रंथकार आरंभी सांगतो तो हिस्सा नव्हे, तर क्रम: मृताच्या मालमत्तेतून प्रथम अंत्यविधीचा खर्च, मग कर्ज, मग एक-तृतीयांशाच्या मर्यादेत मृत्युपत्र, आणि उरेल ते वारसांचे. पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच होय, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या ध्यानात क्वचितच राहते. अनेक लहान मिळकतींत महर फेडल्यावर अपूर्णांकांसाठी फारसे उरतच नाही. त्यानंतर वारसा अडविणारी कारणे येतात. ग्रंथाच्या अखेरीस गर्भस्थ अपत्य, बेपत्ता मनुष्य, युद्धकैदी आणि शेवटी बुडून, जळून अथवा भिंतीखाली चिरडून एकत्र मेलेल्या आप्तांचा विचार येतो. ज्यांच्या हयातीविषयी वा मृत्यूविषयी संशय आहे अशा सर्वांना सजावंदीने शेवटी एकत्र आणले आहे. संक्षेपग्रंथांत या प्रकरणांची कळा परिशिष्टाची झाली, आणि अभ्यासक्रमांतून ती बहुधा गळालीच.

आता लोहाऱ्याकडे वळू. निजामाच्या राज्यात लोहारा हा पायगा तालुका होता. पायगा म्हणजे दरबारी फौजेच्या खर्चासाठी एका उमराव घराण्याला तोडून दिलेला मुलूख. अबुल फतेह खान तेगजंग याच्यापासून चालत आलेल्या या घराण्याच्या आस्मानजाही, खुर्शीदजाही आणि विकारुल-उमराई अशा तीन शाखा झाल्या. अशा तालुक्यात जमीनमहसुलाचे उत्पन्न प्रचंड, आणि त्याचा धनी मुसलमान. तेव्हा सिराजिय्याचे गणित येथे पूर्ण वैभवाने चालले असेल असे कोणासही वाटेल. परंतु तसे होत नसे. जहागीर ही तत्त्वतः हयातीपुरती देणगी मानली जाई. धारकाच्या मृत्यूबरोबर ती सरकारात परत जाई आणि नव्या मंजुरीने पुढच्याच्या हाती येई. उत्पन्नातून हिस्सेदारांना वाटा मिळे, तोही राजाज्ञेने ठरे. म्हणजे माणसाच्या हयातीत जी त्याची सर्वांत मोठी संपत्ती, ती त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या 'मतरूक्यात', म्हणजे मागे राहिलेल्या वारसायोग्य मिळकतीत, मोडतच नसे. अष्टमांश निघे तो हवेलीचा, रोकडीचा, दागिन्यांचा. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट झाल्या, १९५२ साली हैदराबाद अतियात चौकशी कायदा आला, आणि देणग्यांच्या प्रकरणांतही वारसा, औरसपणा, तलाक यांसारखे वैयक्तिक कायद्याचे प्रश्न दिवाणी न्यायालयांनी ठरवावेत अशी व्यवस्था झाली. या पहिल्या प्रश्नाचा येथे याहून अधिक विस्तार नको.

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण पायगा घराण्यातूनच येते आणि ते आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण भलत्या विषयाच्या तासाला. विकारुल-उमराई शाखेतील नवाब वलीउद्दौला १९३५ साली यात्रेच्या प्रवासात मदिना येथे वारले. एका बेगमेचे पत्नीपद निर्विवाद होते. आणखी दोघी स्त्रिया आपणही निकाहाच्या पत्नी असल्याचे व आपली मुले औरस असल्याचे सांगत होत्या. वाद दारुल कजा न्यायालयात गेला, पुढे खास आयोगापुढे, पुढे निजामाच्या फर्मानांत. १९४७च्या फर्मानाने त्या दोघींचे दावे फेटाळले गेले. १९४९ साली ते प्रकरण पुन्हा उकरले गेले. आणि १९५० साली हैदराबादच्या विधिमंडळाने 'वलीउद्दौला वारसा कायदा' या नावाचा कायदाच करून त्यांचे दावे मोडीत काढले. एका मृत माणसाच्या मिळकतीसाठी त्याच्याच नावाने कायदा व्हावा, हा प्रकार आपल्या विधिइतिहासात विरळाच म्हटला पाहिजे. अमीरुन्निसा बेगम विरुद्ध महबूब बेगम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा राज्यघटनेच्या १४व्या अनुच्छेदाविरुद्ध म्हणून रद्द ठरविला. हा निवाडा १९५३च्या निवाडासंग्रहात छापलेला आहे.

घटनाशास्त्राच्या पुस्तकांतून हा निवाडा समानतेच्या तत्त्वाचे उदाहरण म्हणून येतो आणि तेवढ्यावरच संपतो. वारसा-कायद्याच्या अभ्यासकाने तो वेगळ्या नजरेने वाचावयास हवा. हनफी मताप्रमाणे निकाहाला लेख लागत नाही. प्रस्ताव, स्वीकार आणि साक्षीदार एवढ्याने तो पुरा होतो. दीर्घ सहवास आणि पित्याने अपत्याचा केलेला स्वीकार यांवरून विवाहाचे व औरसपणाचे अनुमान काढता येते. अनौरस अपत्य मात्र पित्याचा वारस होत नाही, केवळ मातेचा व मातृकुलाचा होतो. पत्नी एक असो वा अधिक, अष्टमांश सर्वांना मिळून एकच. तेव्हा त्या दोघींचा निकाह सिद्ध झाला असता तर पहिल्या बेगमेचा आठवा हिस्सा चोविसाव्यावर आला असता आणि मुलांच्या वाटणीत नवे वाटेकरी शिरले असते. सारा वाद एका ठरावयाच्या गोष्टीभोवती होता, आणि विधिमंडळाने काढून घेतली ती नेमकी ती गोष्ट पुराव्याने ठरविण्याची संधी. १९५५ साली याच पक्षकारांमधील दुसऱ्या निवाड्यात न्यायालयाने निजामाची फर्माने त्याच्या सार्वभौमत्वामुळे कायद्याइतकीच बंधनकारक असल्याचे मान्य केले. घटनेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. परंतु त्याचा अर्थ असा की हैदराबाद राज्यात अमुक स्त्री पत्नी होती की नव्हती ही वस्तुस्थितीही सार्वभौमाच्या इच्छेने ठरू शकत होती. ज्या संक्षेपग्रंथांत 'पत्नी: अष्टमांश' एवढीच ओळ आहे त्यांना या गोष्टीचा पत्ता नाही.

तिसऱ्या प्रश्नासाठी नवाबांच्या हवेल्या सोडून लोहारा तालुक्यातील सास्तूरसारख्या शेतकऱ्यांच्या गावी यावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. त्या वेळी सास्तूर उमरगा तालुक्यात होते. दगडमातीच्या जाड भिंती व मातीचे जड धाबे अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. एकूण मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सांगितली जाते. एका छपराखाली निजलेली बाप, मुलगा, सून, नातवंडे एकाच वेळी गेली. कोण आधी गेला? सजावंदीच्या शेवटच्या प्रकरणातील 'भिंतीखाली चिरडलेले' हे शब्द येथे अक्षरशः लागू पडतात.

हनफी नियम असा: एकमेकांचे वारस असणारे आप्त एकाच आपत्तीत मेले आणि त्यांच्या मृत्यूचा क्रम कळत नसेल, तर ते परस्परांचे वारस होत नाहीत. प्रत्येकाची मिळकत त्याच्या हयात वारसांकडे जाते. मृतांपैकी दुसरे कोणी जन्मलेच नव्हते असे समजून वाटणी करावयाची. यमामाच्या लढाईत पडलेल्यांच्या आणि अमवासच्या महामारीत गेलेल्यांच्या बाबतीत झैद इब्न साबित यांनी असाच निर्णय दिल्याचे परंपरा सांगते. इमामी शियांचा नियम नेमका उलट आहे. त्यांच्या मते बुडालेले व चिरडलेले परस्परांचे वारस होतात, मात्र मूळच्या मिळकतीपुरते. एकाकडून दुसऱ्याकडे आलेला हिस्सा परत फिरत नाही.

याचा प्रत्यक्ष परिणाम पाहण्यासाठी एक कल्पित कुटुंब घेऊ. बापाच्या नावे स्वार्जित ७ एकर ३२ गुंठे, म्हणजे ३१२ गुंठे जमीन आहे. बाप आणि त्याचा एकुलता मुलगा भूकंपात गेले. मागे राहिल्या बापाची विधवा, त्याची विवाहित मुलगी, मुलाची निपुत्रिक विधवा म्हणजे सून, आणि बापाचा सख्खा भाऊ. हनफी नियमाने मुलगा वगळून बापाची वाटणी होईल: विधवेला अष्टमांश म्हणजे ३९ गुंठे, मुलीला अर्धे म्हणजे १५६, आणि उरलेले ११७ गुंठे, म्हणजे जवळजवळ तीन एकर, अवशेषभागी म्हणून भावाला. सुनेला काही नाही. आता समजा की मुलगा ढिगाऱ्याखाली बापानंतर घटकाभर जिवंत होता असे सिद्ध झाले. मग बापाच्या मिळकतीतून विधवेचे ३९ गुंठे वजा जाता २७३ उरतात. त्यांपैकी मुलाला १८२, मुलीला ९१. मुलाच्या १८२ गुंठ्यांची वाटणी पुन्हा करावयाची: आईला तृतीयांश, विधवेला चतुर्थांश, बहिणीला अर्धा. बारा हे सामाईक परिमाण धरले तर चार, तीन आणि सहा मिळून बेरीज तेरा होते. म्हणून 'औल'च्या नियमाने छेद तेरा करून प्रत्येकीचा वाटा त्या प्रमाणात कमी करावा लागतो. आईला ५६, सुनेला ४२, बहिणीला ८४. एकंदर हिशेब असा की विधवेचे ३९चे ९५ गुंठे झाले, मुलीचे १५६चे १७५, सुनेला शून्याऐवजी ४२ गुंठे मिळाले, आणि भावाचे ११७ गुंठे सर्वस्वी गेले. ढिगाऱ्याखालून आलेला मुलाचा आवाज ऐकणारा एक विश्वासार्ह साक्षीदार इतका फरक घडवितो. औलचे गणित आपण विद्यार्थ्यांकडून घोटून घेतो. ते गणित मुळात करावयाचे की नाही हे ज्यावर अवलंबून आहे त्या साक्षीविषयी मात्र बोलत नाही.

शेजारच्या हिंदू कुटुंबात हीच माणसे याच क्रमाने गेली असती तर? १९५६च्या हिंदू वारसा अधिनियमाच्या २१व्या कलमाप्रमाणे, विरुद्ध पुरावा नसल्यास वयाने लहान असलेली व्यक्ती मोठ्याच्या मागे जगली असे धरावयाचे. इंग्लंडच्या १९२५च्या मालमत्ता कायद्यातही असाच नियम आहे. त्यानुसार बापाची स्वार्जित जमीन विधवा, मुलगा व मुलगी यांत समान, प्रत्येकी १०४ गुंठे. मग मुलाचे १०४ त्याची आई व विधवा यांत प्रत्येकी ५२. सासूला १५६, मुलीला १०४, सुनेला ५२, भावाला काही नाही. एकाच गल्लीत, एकाच पहाटे, एकाच तऱ्हेच्या भिंतीखाली गेलेल्या दोन कुटुंबांचे काळाविषयीचे अनुमान कायदा असे निरनिराळे करतो.

या दोहोंत अधिक सयुक्तिक कोणते? प्रस्तुत लेखकाला हनफी नियमाची तात्त्विक बाजू अधिक भक्कम वाटते. वारसा मिळण्यासाठी मृत्युसमयी वारसाची हयाती निश्चित असली पाहिजे, ही अट फिक्‌हशास्त्राने मूलभूत मानली आहे. संशयातून हक्क उत्पन्न होत नाही. जो कोणी 'तो मागे राहिला होता' असे म्हणतो त्याने ते सिद्ध करावे, हे आपल्या पुराव्याच्या कायद्याच्या सामान्य तत्त्वाशीही जुळते. २१व्या कलमाने स्वीकारलेले अनुमान हे सोयीसाठी रचलेले कृत्रिम अनुमान आहे; जड धाब्याखाली तरुण माणूस वृद्धापेक्षा अधिक वेळ जगतो असा कोणताही निसर्गनियम नाही. तथापि तात्त्विक शुद्धता आणि न्याय्यता या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत. वरच्या उदाहरणात हनफी नियमाचा लाभ झाला तो दूरच्या भावाला आणि तोटा झाला तो त्याच घरात राबणाऱ्या सुनेला. सोयीचे अनुमान येथे कुटुंबाच्या स्वाभाविक अपेक्षेला अधिक जवळ आहे हे मान्य केले पाहिजे.

खरी कसोटी लागते ती नातवंडांच्या बाबतीत. बाप आणि थोरला मुलगा गेले; धाकटा मुलगा आणि थोरल्याची दोन लहान मुले वाचली. हनफी कायद्यात प्रतिनिधित्वाचे तत्त्व नाही. जवळचा अवशेषभागी दूरच्याला वगळतो. थोरला बापाचा वारस झाला नाही, आणि नातवंडांना काका आड आला. ३१२ गुंठे सगळे काकाचे. थोरला बापानंतर मेल्याचे ठरले असते तर १५६ गुंठे त्या पोरक्या मुलांकडे आले असते. पित्याच्या आधी मेलेल्या मुलाच्या संततीची ही अडचण जुनीच आहे आणि पंडितांनी तिचे समर्थनही केले आहे: आजोबाने हयातीत बक्षीस द्यावे, किंवा नातू वारस नसल्यामुळे एक-तृतीयांशापर्यंत मृत्युपत्र करावे. मुलगा डोळ्यांदेखत गेला असेल तर हा उपाय खुला असतो. रात्री जेवून निजलेल्या आणि पहाटे मुलासह गेलेल्या आजोबाला तो कधीच खुला नव्हता. येथे हे समर्थन पार कोसळते, आणि आमच्या पाठ्यग्रंथांनी हा भेद कोठे केल्याचे आढळात नाही.

इजिप्तच्या कायदेकारांनी तो केला. १९४६च्या तेथील मृत्युपत्र कायद्याने (क्रमांक ७१) आजोबाने मृत्युपत्र केले नसले तरी नातवंडांसाठी एक-तृतीयांशाच्या मर्यादेत मृत्युपत्र केलेच आहे असे मानण्याची तरतूद केली. तिच्या ७६व्या कलमात मूळ व्यक्तीच्या आधी वारलेल्या अपत्याबरोबरच तिच्यासमवेत वारलेल्या अपत्याच्या संततीचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्या कोणी हा मसुदा लिहिला त्याच्यासमोर सजावंदीचे शेवटचे प्रकरण उघडे असले पाहिजे असे वाटते. पाकिस्तानच्या १९६१च्या कौटुंबिक कायदे अध्यादेशाने चौथ्या कलमात नातवंडांना थेट बापाच्या जागी आणून बसविले. हा उपाय अधिक उदार आहे, पण तो हिश्श्यांच्या मूळ रचनेशी फारकत घेतो. इजिप्तचा उपाय मृत्युपत्राच्या चौकटीत राहून तेच साधतो, म्हणून अभ्यासकाने तोच अधिक बारकाईने पाहावा. भारतात यांपैकी काहीच झालेले नाही.

आणखी दोन गोष्टींची नोंद करणे आवश्यक आहे. भूकंपानंतर मृतांच्या कुटुंबीयांना मिळालेले सानुग्रह साहाय्य आणि पुनर्वसनातील घरे हा मतरूका नव्हे. मृताच्या हयातीत ती त्याची नव्हतीच. ती कोणाच्या नावे व्हावीत हे शासनाचे नियम ठरवितात. पायगा मुलखात सार्वभौमाची देणगी ज्या कारणाने सिराजिय्याबाहेर राहिली, त्याच कारणाने ही देणगीही बाहेर राहते. फिक्‌हशास्त्रात मनुष्यवधाबद्दलची 'दियत' वारसांमध्ये वाटली जाते हे खरे, परंतु ती अपराध्याकडून येणारी देणी आहे; निसर्गाच्या कोपानंतर शासनाने स्वेच्छेने दिलेल्या साहाय्याला तिची उपमा लावणे प्रशस्त नाही.

दुसरी गोष्ट शेतजमिनीची. १९३७चा शरीयत कायदा पूर्वीच्या हैदराबाद राज्याच्या प्रदेशाला लागू झाला तो संसदेच्या १९५९च्या विस्तार-कायद्याने, १९६० साली. आणि त्याच्या दुसऱ्या कलमाने शेतजमिनीचे प्रश्न वगळले आहेत. लोहारा-सास्तूरच्या बहुसंख्य मुसलमान कुटुंबांची मिळकत शेतजमीनच, तेव्हा वर केलेले हिशेब निरर्थक ठरतात काय? तसे नाही. हे वगळणे १९३५च्या कायद्यातील प्रांतिक अधिकारांच्या वाटणीमुळे झाले. त्याचा परिणाम एवढाच की शेतजमिनीपुरती विरुद्ध रूढी सिद्ध करण्याची वाट बंद झाली नाही. रूढी सिद्ध न झाल्यास मुसलमानाच्या जमिनीला मुस्लिम कायदाच लागतो. मुलींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देण्याची रीत मराठवाड्यात हिंदूंत व मुसलमानांत सारखीच आढळते. परंतु हक्क सोडून द्यावा लागतो यातच तो अगोदर होता ही कबुली आहे, तिला विरुद्ध रूढीचा पुरावा म्हणता येणार नाही. तलाठ्याच्या वारस-नोंदवहीत भूकंपात गेलेल्या बापलेकांपुढे मृत्यूची तारीख एकच येते, ३० सप्टेंबर १९९३. तेथून फेरफार होतो आणि सातबारावर नावे चढतात. ही नोंद महसुलासाठी असते, तिने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे; तेव्हा नोंदीत सून आली वा काका राहिला एवढ्यावरून हनफी नियमाचा प्रश्न मिटला असे समजता येत नाही.